घरबसल्या नोकरी



ह्या व्यासपीठावरून विद्वान बोलतात आणि आम्ही तिकडे मागे, शेवटच्या रांगेत बसून ऐकतो, असा आमचा अनेक वर्षांचा परिपाठ. आमचे शाळेतील शिक्षण सातवीपर्यंतचे. त्यापुढे जे काही शिकलो ते यंत्रमागावर कांड्या भरताना, युनियनच्या कचेरीत आणि वाचनालयाच्या बाकावर. त्यामुळे संयोजकांनी बोलावले तेव्हा आम्ही आधी संकोचलो. त्यांची सूचना अशी की, २१ नोव्हेंबर २०२५ पासून लागू झालेल्या चार श्रमसंहितांवर आम्ही बोलावे. विषय महत्त्वाचा आहे यात शंका नाही. परंतु त्यावर बोलणारे आमच्यापेक्षा अधिक अधिकारी पुरुष आणि स्त्रिया आपल्या शहरात आहेत. ज्या विषयात आमचा अधिकार कोणी नाकारू शकणार नाही असा एकच विषय आम्हांस सुचला, तो म्हणजे फसणे. आम्ही फसलो आहोत. कसे फसलो, ते आज आपल्यापुढे मांडावयाचे आहे. हे बोलताना आमची जीभ थोडी अडखळेल, तेवढे सांभाळून घ्यावे.

२०२४ सालच्या श्रावणातली गोष्ट. एके दिवशी दुपारी आमच्या व्हॉट्सॲपवर निरोप आला. पाठविणारी एक बाई होती. एका नामांकित प्रकाशनसंस्थेच्या वतीने लिहीत असल्याचे तिने कळविले होते. त्या संस्थेचे नाव येथे घेण्याचे कारण नाही, कारण त्या बिचाऱ्यांचा यात काडीचाही संबंध नव्हता. त्यांचे नाव आणि त्यांचा शिक्का तेवढा कोणी चोरला होता. निरोपात म्हटले होते की, आपले कामगार चळवळीवरील लेख आमच्या संपादकांनी वाचले. मराठी पुस्तकांच्या मुद्रितशोधनासाठी आपल्यासारख्या जाणकारांची आम्हांस गरज आहे. काम घरबसल्या, दिवसाला चार तास, महिना २८,००० रुपये. पदवीची अट नाही.

मंडळी, शेवटचे तीन शब्द पाहा. पदवीची अट नाही! आम्हांस २८,००० रुपयांचा मोह पडला नाही असे आम्ही म्हणणार नाही. युनियनकडून त्या वेळी महिना ९,००० रुपये मानधन मिळत होते, मुलीची कॉलेजची फी भरावयाची होती, पत्नी शिवणकाम करून घर ओढत होती. पण खरे सांगावयाचे तर पैशाने आम्हांस अर्धेच ओढले. उरलेले अर्धे त्या तीन शब्दांनी ओढले. ज्या माणसाने चाळीस वर्षे दुसऱ्यांची जुनी पुस्तके मागून आणून वाचली, ज्याच्या पत्रकांतील ऱ्हस्वदीर्घ कोणी तपासावयास बसत नाही, त्याला कोणीतरी 'जाणकार' म्हटले. कुलपाला बरोबर किल्ली लागली.

मुलाखत झाली ती टेलिग्रामवर, लेखी. चेहरा नाही, आवाज नाही. आम्ही विचारले, प्रत्यक्ष भेटावे काय? उत्तर आले की, संस्थेचे सर्व काम आता दूरस्थ पद्धतीने चालते. मग दहा पाने तपासावयास पाठविली. ती आम्ही रात्री दोनपर्यंत जागून तपासली. इतक्या मनापासून आम्ही मागण्यांचे निवेदनही कधी तपासले नसेल. दुसऱ्या दिवशी उत्तर आले, "आपले काम अत्युत्कृष्ट आहे." पाठोपाठ नेमणुकीचे पत्र, त्यावर शिक्का, सही आणि आमचा कर्मचारी क्रमांक. त्या पत्रात 'नियुक्ती' ऱ्हस्व लिहिली होती आणि 'दिनांक'वरचा अनुस्वार गळाला होता. आम्ही ते पाहिले, नाही असे नाही. पण आमच्या मनाने काय अर्थ काढावा? आम्ही म्हणालो, पाहा, ह्यांना मुद्रितशोधक किती निकडीचा आहे! फसणाऱ्याचे मन हे असे वकिली करते. पुरावा विरुद्ध गेला तरी तोच आपल्या बाजूचा म्हणून मांडते.

नंतर पैसे सुरू झाले. प्रथम नोंदणी व ओळखपत्र यांचे २,४५० रुपये, पहिल्या पगाराबरोबर परत मिळावयाचे. मग संस्थेचा संगणक घरी येणार म्हणून त्याची अनामत ११,५०० रुपये. मग संगणक वाटेत अडकला, त्याच्या विम्याचे ८,९००. आता येथे कोणीही शहाणा माणूस थांबेल, असे आपणांस वाटत असेल. आम्हांसही तसेच वाटते, आज. पण त्या दिवशी हिशेब निराळा होता. आम्ही थांबलो तर आधीचे १३,९५० बुडाले. आणखी ८,९०० भरले तर सगळे परत येणार. प्रत्येक नवा हप्ता हा मागचा हप्ता वाचविण्यासाठी असतो. जुगारी माणसाला हे ठाऊक असते. आम्ही कधी पत्त्याला हात लावला नाही, म्हणून आम्हांस ते ठाऊक नव्हते.

चौथी मागणी १८,५०० रुपयांची आली, प्राप्तिकराच्या नावाने. आमच्याजवळ तेवढे पैसे नव्हते. वर्गणीमोहिमेचे दिवस होते. विडी कामगार बायकांकडून दहा-वीस-पन्नास करून जमलेली वर्गणी, सोमवारी बँकेत भरण्यासाठी, आमच्या घरच्या कपाटात होती. त्यातले १८,५०० आम्ही घेतले. शनिवार होता. सोमवारपर्यंत सर्व परत येईल अशी आमची खात्री होती. शेजारच्या पोराला देऊन फोनवरून पैसे पाठविले. रविवारी सकाळी पाहतो तो त्या बाईचे चित्र गेलेले, नाव गेलेले, गटातून आम्हांस काढून टाकलेले. एकूण ४१,३५० रुपये.

ह्या गोष्टीचा हा भाग आम्ही लपविला असता तर आपणांस कळले नसते. पण मग हे व्याख्यान देण्यात अर्थ नव्हता. कारण आमच्या मते अशा फसवणुकीत खरा फास शेवटी बसतो, आणि तो लाजेचा असतो. आम्ही अकरा दिवस कोणास काही बोललो नाही. पत्नीच्या पाटल्या, तिला भलतेच कारण सांगून, गहाण टाकल्या आणि सोमवारी दुपारपर्यंत युनियनचे पैसे बँकेत भरले. वही जुळली. कोणास शंकाही आली नाही. आम्ही सभेत भाषणे करीत होतो, मुकादमांच्या नावाने बोटे मोडीत होतो, आणि घरी येऊन छताकडे पाहत पडत होतो.

अकराव्या दिवशी आम्ही पत्नीस सांगितले. ती एकच वाक्य बोलली, "पाटल्यांचं काही नाही, पण बायकांच्या पैशाला हात लावलात." त्याच आठवड्यात कार्यकारिणीपुढे उभे राहून आम्ही सर्व सांगितले आणि राजीनामा टेबलावर ठेवला. आमच्या खजिनदार एक साठीच्या विडी कामगार बाई आहेत. घरी तेलुगू बोलतात, सभेत मराठी. त्यांनी कागद हातात घेतला, उलटा ठेवला आणि म्हणाल्या, "भाऊ, पैसं परत आलं न्हवं? मग आता एक करा. आजपासून पावतीपुस्तक आन् पैसं तुमच्याकडं न्हाई, माझ्याकडं. आन् हे जे सांगितलंत ते गेटवर सांगा." राजीनामा त्यांनी स्वीकारला नाही, परंतु रोकड काढून घेतली. आम्हांस हा निवाडा अत्यंत न्याय्य वाटला. आजही युनियनची रोकड आमच्या हाती येत नाही.

आम्ही गेटवर सांगितले. सभा संपल्यावर लोक पांगण्याऐवजी एकेक जण जवळ येऊ लागला. कोणी कोपऱ्यात घेऊन, कोणी चहाच्या गाड्यापर्यंत सोबत चालत. त्या संध्याकाळी आम्हांस सहा घरे कळली. सहा घरांनी फसवणूक गिळून टाकली होती, आणि प्रत्येकास वाटत होते की मूर्ख आपण एकटेच.

त्यांतील एक घर विडी कामगार बाईचे. तिची मुलगी बी. कॉम. झालेली. तिला घरबसल्या माहिती भरण्याचे काम मिळाले. सहा दिवसांत पाचशे अर्ज संगणकावर भरावयाचे, नव्वद टक्के बिनचूक, मग पगार. करार मुद्रांकाच्या कागदावर, सही फोनवरूनच घेतलेली. पोरीने रात्रंदिवस बसून साडेचारशे अर्ज भरले. शेवटच्या दिवशी त्यांचे संकेतस्थळच बंद! सातव्या दिवशी एका तथाकथित वकिलाची नोटीस. वर न्यायालयाचे चिन्ह, खाली धमकी की करार मोडला, आज सायंकाळपर्यंत ६,८०० रुपये भरा, नाहीतर पोलीस घरी येतील. आईने ते भरले. आठवड्याने दुसरी नोटीस आली.

ह्या प्रकाराकडे आपण जरा थांबून पाहू, कारण सोलापूरच्या माणसाला तो नवा नाही. घरबसल्या काम ही गोष्ट आज संगणकाने आणली असे लोक समजतात. आमच्या विडी कामगार बायका पिढ्यान्‌पिढ्या घरबसल्याच काम करीत आल्या आहेत. कारखान्यातून पान आणि तंबाखू आणावयाची, सूप मांडीवर घेऊन विड्या वळावयाच्या, आणि नेऊन द्यावयाच्या. तेथे तपासणारा बसलेला असे, तो मनास येईल तितक्या विड्या खराब म्हणून बाजूला काढी आणि त्यांची मजुरी कापी. पुष्कळदा त्या बाजूला काढलेल्या विड्यादेखील ठेवून घेई. १९६६ साली विडी व सिगार कामगारांसाठी स्वतंत्र कायदा झाला, त्यामागे जी गाऱ्हाणी होती त्यांत हे एक मोठे गाऱ्हाणे होते. आता ह्या पोरीचा करार पाहा. नव्वद टक्क्यांची अट म्हणजे तोच तपासणारा. फरक इतकाच की जुना तपासणारा मजुरी कापीत होता, नवा मजुरी तर देत नाहीच, उलट मजुराकडून दंड वसूल करतो. आईच्या नशिबी जे होते तेच मुलीच्या नशिबी आले, आणि म्हणूनच आईला ते खरे वाटले. काम घरी यावे, कोणी अनोळखी माणसाने ते खराब ठरवावे आणि आपण मान खाली घालावी, हे तिने आयुष्यभर पाहिले होते.

आम्ही तिला सांगितले ते आपणांसही सांगतो. करार मोडला असे कोणाचे म्हणणे असेल तर तो दिवाणी दावा आहे. त्यासाठी कोणी अटक करावयास येत नाही. भरपाई किती हे न्यायाधीश दोन्ही बाजू ऐकून ठरवितो, आणि ती वकिलाने फोनवर पाठविलेल्या क्यूआर कोडावर सायंकाळपर्यंत भरावयाची नसते. हे ऐकून त्या बाईने पदराने तोंड पुसले आणि विचारले, "मग पयल्या सहा हजाराचं काय?" ह्या प्रश्नाचे उत्तर आम्हांस देता आले नाही.

दुसरे घर यंत्रमाग कामगाराचे. त्याच्या मुलास चित्रफितींना पसंती द्यावयाचे काम मिळाले, एका पसंतीस पन्नास रुपये. पहिल्या दिवशी १५० रुपये खरोखर खात्यात आले. मग हजार भरा, तेराशे घ्या, तेही आले. मग मोठ्या कामांच्या गटात घेतले. गटात दोनशे माणसे, सर्वजण नफ्याची चित्रे टाकणारी. त्यांत खरा मनुष्य बहुधा हा एकटा. घराच्या कर्जातले ९६,००० रुपये गेले. पडद्यावर मात्र त्याच्या नावे सव्वादोन लाख जमा दिसत होते! हा प्रकार देशभर इतका माजला की डिसेंबर २०२३ मध्ये केंद्र सरकारने अशी शंभरावर संकेतस्थळे एका दमात बंद केली. बंद केलेली दुसऱ्या नावाने उघडावयास किती वेळ लागतो, हे आपण जाणताच.

आणि तिसरे घर, ज्याने आमची झोप अधिक उडविली. आमचाच एक सभासद. त्याचे बँकखाते गोठले होते आणि परराज्यातील पोलिसांचा फोन आला होता. चौकशी करता कळले की, त्याने दोन हजार रुपये घेऊन आपले खाते, फोनचे कार्ड आणि एटीएमचे कार्ड ओळखीच्या एका पोराला वापरावयास दिले होते. अशा भाड्याच्या खात्यांतूनच आमच्यासारख्यांचे पैसे पळतात. एका खात्यातून चार, चारांतून सोळा, आणि शेवटी कोठल्यातरी यंत्रातून रोख. म्हणजे आमच्या युनियनमध्ये लुबाडलेलाही होता आणि लुबाडणुकीची पिशवी वाहणाराही होता. दोघेही एकाच रांगेत बसून आमचे भाषण ऐकत होते. त्याच्यावर रागवावयास आम्ही उभे राहिलो खरे, परंतु आमच्या कपाटाची आठवण होऊन खाली बसलो.

काम मिळविण्यासाठी पैसे मोजणे ही आपल्याकडे जुनी रीत. मुंबईच्या गिरण्यांत जॉबरला दस्तुरी दिल्याशिवाय खात्यात पाऊल पडत नसे. १९२९ साली नेमलेल्या व्हिटली आयोगाने १९३१ च्या अहवालात ह्या लाचखोरीवर बोट ठेवले आहे. जॉबर वाईट होता. पण तो त्याच चाळीच्या आसपास राहत होता, त्याला तोंड होते, आणि पैसे घेऊन काम दिले नाही तर त्या तोंडासमोर जाऊन चार शब्द सुनावता येत होते. ऊसतोडीचा मुकादम मजुरास उचल देतो आणि हंगामभर बांधून घेतो, तेही वाईट. पण मजुराने मालकास उचल द्यावी, हे मात्र आम्ही ह्या नव्या व्यवहारातच पाहिले. आंतरराष्ट्रीय कामगार संघटनेने १९९७ च्या आपल्या १८१ क्रमांकाच्या करारात नियम घातला आहे की, खाजगी नोकरी-संस्थांनी कामगाराकडून सरळ वा आडवाटेने फी घेऊ नये. हा नियम आम्ही शिबिरांत शिकविलेला होता. आम्हीच! फोनवर मागणी आली तेव्हा तो आठवला नाही, कारण समोर आम्ही कामगार म्हणून उभे नव्हतो, जाणकार म्हणून उभे होतो.

आता पलीकडच्या टोकाविषयी. ती बाई कोण होती, हे आम्हांस कधीच कळणार नाही. ती बाई होती की नाही हेही नाही. पहिले काही महिने आम्ही तिला मनातल्या मनात पुष्कळ शिव्या दिल्या. पुढे वाचनात काही गोष्टी आल्या. सप्टेंबर २०२२ मध्ये आपल्या परराष्ट्र मंत्रालयाने तरुणांना इशारा दिला होता की, थायलंडमध्ये संगणकावरच्या चांगल्या नोकऱ्या असल्याचे सांगून मुलांना नेतात आणि सीमा ओलांडवून म्यानमारमध्ये डांबतात. तेथे कुंपणाआड बसवून त्यांच्याकडून हीच ठकबाजी करवून घेतात. ठरलेली रक्कम न जमविणाऱ्यास मार. संयुक्त राष्ट्रांच्या मानवी हक्क कचेरीने ऑगस्ट २०२३ च्या अहवालात म्यानमारमध्ये किमान १,२०,००० आणि कंबोडियात सुमारे १,००,००० माणसे अशा सक्तीत असावीत असा अंदाज दिला. मार्च २०२५ मध्ये भारतीय वायुदलाच्या विमानांनी थायलंडमार्गे ५४९ भारतीय परत आणले. हे सारे काम मिळेल म्हणून गेले होते. म्हणजे ज्याने आम्हांस खोटे नेमणूकपत्र पाठविले, त्याच्याही खिशात कदाचित तसेच एक खोटे नेमणूकपत्र असेल. सर्वच ठक असे बंदिवान असतात असे आमचे म्हणणे नाही. आपल्याच शहरात वातानुकूल खोलीत बसून हा धंदा करणारे हरामखोरही आहेत. परंतु तेव्हापासून आमच्या शिव्या थोड्या अडखळतात, हे खरे.

आम्ही पोलिसांत गेलो ते तेराव्या दिवशी. तेथील तरुण अधिकाऱ्याने पहिला प्रश्न विचारला, "१९३० वर फोन केलात का?" आम्हांस तो क्रमांक ठाऊक नव्हता. २०२१ पासून केंद्र सरकारने ही व्यवस्था केली आहे. पैसे गेल्याबरोबर ह्या क्रमांकावर कळविले तर बँकाबँकांत निरोप जातो आणि पैसा ज्या खात्यात थांबलेला असेल तेथे तो गोठविता येतो. पैसा पुढे सरकला की संपले. तासांचा खेळ आहे, आणि आम्ही लाजेपायी अकरा दिवस घालविले. बँकेत गेलो तर तेथे ६ जुलै २०१७ चे रिझर्व्ह बँकेचे परिपत्रक दाखविले. ग्राहकाच्या नकळत, तिसऱ्याच्याच दोषाने पैसे गेले आणि त्याने तीन कामकाजाच्या दिवसांत कळविले, तर त्याच्यावर तोशीस नाही, असे त्यात आहे. परंतु आम्ही पैसे आमच्या हाताने, आमच्या अंकांनी पाठविले होते. चोर घरात शिरला नाही, आम्हीच दार उघडून पाट मांडला. बँकेच्या दृष्टीने तो व्यवहार आमचाच. तक्रार नोंदली गेली. १ जुलै २०२४ पासून फसवणुकीचे ४२० कलम जाऊन नव्या संहितेचे ३१८ आले आहे, तरी ठाण्यातला शिपाई शेजाऱ्यास म्हणाला, "आणखी एक चारशेवीस." आमच्या पैशांपैकी एक पैही परत आलेली नाही.

कोणी म्हणतात की हे लोक लोभी, म्हणून फसतात. वर्तमानपत्रांतूनही हा सूर असतो. आम्ही नम्रपणे विचारतो, दिवसभर मान मोडून हजार विड्या वळणाऱ्या बाईच्या मुलीने खुर्चीवर बसून काम मिळावे असे म्हटले, तर त्यास लोभ म्हणावयाचे काय? तिला फुकट नको होते. तिने साडेचारशे अर्ज भरले आहेत! आम्ही दहा पाने तपासली आहेत. विणकराच्या पोराचे काम तेवढे हलके होते, पण त्यालाही काम म्हणूनच ते दिले गेले. ठकांना माणसाचा लोभ थोडासा आणि कामाची भूक पुष्कळ उपयोगी पडते, असा आमचा अनुभव आहे. खरी नोकरी देणारा तीन-तीन महिने अर्जास उत्तर देत नाही, आणि खोटी नोकरी देणारा रात्री अकरा वाजता आदराने चौकशी करतो, "जेवण झाले का सर?" आम्हांस सर म्हणणारी ती पहिलीच नोकरी होती.

पाटल्या २०२५ च्या दिवाळीत सोडविल्या. मुलगी शिकते आहे. मुद्रितशोधनाचे काम आम्ही अजूनही करतो, युनियनच्या पत्रकाचे, विनामूल्य.

खजिनदार बाईंच्या आग्रहाने कचेरीच्या पायरीशी दर रविवारी दहा ते बारा एक टेबल मांडले जाते. तेथे त्या बी. कॉम. झालेल्या मुलीसह दोघी बसतात. ज्यास कामाचा निरोप आला असेल त्याने पैसे देण्यापूर्वी तो त्यांना दाखवावा. त्या संस्थेचा खरा पत्ता शोधून, तेथे स्वतः फोन करून विचारतात. पैसे दिले असतील तर रविवारची वाट पाहू नये. आधी १९३० फिरवावा आणि मग, कितीही वाजले असोत, आमचे दार ठोठवावे. आम्ही जागेच असतो.